लायपोब्लास्टोमा

तान्ह्या व लहान मुलांत आढळणारी, अपक्व मेदपेशींची दुर्मीळ सौम्य गाठ. बहुतेक रुग्ण 3 वर्षांच्या आतले असतात आणि त्यांत मुलींपेक्षा मुलगे अधिक. हे नाव जाफे यांनी 1926 मध्ये वापरले. चुंग व एन्झिंगर यांनी 1973 मध्ये 35 रुग्णांच्या गाठींचे वर्णन केले. एका जागी मर्यादित राहणारी ती लायपोब्लास्टोमा आणि आजूबाजूच्या स्नायूंत पसरणारी ती लायपोब्लास्टोमॅटोसिस, असा भेद तेव्हापासून रूढ आहे.

बाळाला अंघोळ घालताना काखेत, पाठीवर किंवा मांडीवर मऊ गोळा हाताला लागतो. तो दुखत नाही, पण काही महिन्यांत झपाट्याने वाढतो आणि घरच्यांच्या तोंडचे पाणी पळते. निव्वळ वाढीच्या वेगावरून कर्करोग ठरत नाही, हे पालकांना पहिल्याच भेटीत सांगितले गेले पाहिजे. तपासणीत मात्र चालढकल नको. मानेतली वा छातीतली गाठ श्वासनलिकेवर दाब आणू शकते.

सोनोग्राफी व एमआरआयवरून गाठीची व्याप्ती कळते. एमआरआयमध्ये मेद सहसा ओळखू येतो. पण अगदी लहान बाळाच्या गाठीत बुळबुळीत श्लेष्मल भाग जास्त आणि मेद कमी असल्याने चित्र फसवे ठरते. कापलेली गाठ फिकट पिवळी, चकचकीत दिसते. सूक्ष्मदर्शकाखाली तंतूंच्या पडद्यांनी विभागलेल्या खंडिका दिसतात. त्यांत कोवळ्यापासून पक्व झालेल्यांपर्यंत सर्व अवस्थांतल्या मेदपेशी असतात. हेच दृश्य मिक्सॉइड लायपोसार्कोमा या कर्करोगाशी मिळतेजुळते, आणि निदानाची खरी कसोटी इथे लागते. 10 वर्षांखालील मुलांत तो कर्करोग अत्यंत विरळा, त्यामुळे वय हा मोठा आधार. शंका उरली तर जनुकीय तपासणी करतात : लायपोब्लास्टोमात सहसा 8व्या गुणसूत्रावरील पीएलएजी1 जनुकाची फेरमांडणी आढळते, तर त्या कर्करोगात 12व्या गुणसूत्रावरील डीडीआयटी3 जनुकाची.

गाठ शस्त्रक्रियेने पूर्ण काढणे हाच उपचार. ती इतर अवयवांत पसरत नाही. म्हणून ती समूळ काढण्याच्या हट्टापायी महत्त्वाची नस वा रक्तवाहिनी गमावणे समर्थनीय नाही. अर्धवट निघालेली, विशेषतः पसरट गाठ पुन्हा वाढू शकते, त्यामुळे काही वर्षे नियमित तपासणी आवश्यक असते. क्वचित उरलेल्या पेशी आपोआप पक्व होऊन साध्या चरबीच्या गाठीचे रूप घेतात.