कोलारचं सोनं कुणाला सापडलं?

केजीएफ म्हटलं की आपल्याला रॉकी आठवतो. कोलारचा खडक मात्र सुमारे २७० कोटी वर्षं जुना. समुद्रतळावरचा लाव्हा दबून-तापून हिरवट काळा झाला. त्याच्या भेगांतून गरम पाणी फिरलं आणि गारगोटीसोबत सोनं मागे ठेवून गेलं.

१८०२ साली लेफ्टनंट जॉन वॉरनने इथले गावकरी माती धुऊन सोनं काढताना पाहिले. शोधाचं श्रेय मात्र वॉरनला! १८८० नंतर जॉन टेलर कंपनी आली आणि सुरुवातीला भांडवल बुडायचीच वेळ आली. मग म्हैसूर खाणीत जुन्या, कुणी खणले माहीत नसलेल्या खड्ड्यांच्या खाली खोल गेल्यावर चॅम्पियन शीर लागली. आमच्या भाषेत सांगायचं तर कोड चालू होता, लिहिणाऱ्याचं नाव पुसलेलं.

पुढे खाण तीन किलोमीटरहून खोल गेली. १९०२ मध्ये शिवनसमुद्रहून वीज आली. खाली तापलेल्या खडकात, दगड कधी फुटेल या धास्तीत राबले ते बहुतेक तमिळ आणि तेलुगू मजूर. सुमारे ८०० टन सोनं निघालं. २००१ मध्ये खाण बंद झाली. सायनाइडने धुतलेल्या मातीचे डोंगर गावाला लागून अजून उभे आहेत. वारा सुटला की ती धूळ घराघरांत शिरते.