ओळ आणि रकाना : एका कोष्टकाची कुळकथा



गुरुजींच्या स्मरणार्थ चालविल्या जाणाऱ्या या व्याख्यानमालेत बोलण्याचा मान शाळेने मला दिला, याबद्दल मी कृतज्ञ आहे. गुरुजींनी या शाळेत आयुष्यभर गणित शिकविले. संगणकाला मात्र त्यांनी निवृत्तीपर्यंत हात लावला नाही. तरीही आजचा विषय मी संगणकाच्या प्राथमिक अभ्यासातून निवडला आहे, आणि त्यास कारण आहे. नव्याने प्रोग्रामिंग शिकणारा विद्यार्थी ज्या ठिकाणी हमखास अडखळतो, त्या बहुमितीय ॲरेचा, म्हणजे ओळी आणि रकाने यांनी बनलेल्या कोष्टकाचा, हा विषय आहे. त्याचा इतिहास सांगता सांगता मला माझ्या एका चुकीची कबुलीही द्यावयाची आहे.

प्रथम ती चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मी वर्गात फळ्यावर तीन ओळी आणि चार रकाने यांचे कोष्टक काढले. तीन विद्यार्थी आणि चार दिवसांची हजेरी, असा तो हजेरीपट होता. ओळी शून्य, एक, दोन आणि रकाने शून्य, एक, दोन, तीन असे क्रमांक दिले. मग विचारले, "संगणकाची स्मृती ही एकच लांब रांग आहे. या कोष्टकातील बारा घरे त्या रांगेत ओळीने मांडली, तर ओळ एक व रकाना दोन हे घर कितव्या क्रमांकावर येईल?" माझ्या मनातील उत्तर सहा होते. ओळीचा क्रमांक एक, त्याला रकान्यांच्या संख्येने म्हणजे चाराने गुणायचे आणि त्यात दोन मिळवायचे. घरी गोंडी आणि शाळेत मराठी बोलणाऱ्या एका मुलाने सात असे उत्तर लिहिले. मी त्यावर लाल फुली मारली. तो काही बोलला नाही. त्यानंतर त्या तासाला तो मागच्या बाकावर बसू लागला.

ही फुली चुकीची होती. ती का चुकीची होती हे समजण्यासाठी आपल्याला थोडे मागे, आपल्याच परिसरात, जावे लागेल.

आपल्या मुलाला पहिले द्विमितीय कोष्टक भेटते ते संगणकाच्या कितीतरी आधी, पाटीवर भेटते. वर्णमालेतील पंचवीस वर्गीय व्यंजने पाहा. क, च, ट, त, प अशा पाच ओळी आणि प्रत्येक ओळीत पाच वर्ण. ओळ बदलली की उच्चाराचे स्थान बदलते; कंठापासून ओठांपर्यंत आपण येतो. रकाना बदलला की उच्चाराची रीत बदलते : कठोर, कठोर महाप्राण, मृदू, मृदू महाप्राण, अनुनासिक. 'ट वर्गातील तिसरा' असे म्हटले की 'ड' मिळतो. दोन अंक दिले आणि एक वर्ण हाती आला. संगणकाच्या भाषेत यालाच दोन निर्देशांकांनी घर गाठणे म्हणतात. बाराखडी हे असेच दुसरे कोष्टक, व्यंजनांच्या ओळी आणि स्वरांचे रकाने. मराठी शाळेतील मूल असो की शेजारच्या तेलुगू शाळेतील, दोघांचीही वर्णमाला याच पायावर उभी आहे. आदिलाबादसारख्या सीमेवरच्या जिल्ह्यात, जेथे एकाच बाकावर मराठी, तेलुगू, गोंडी आणि कोलामी बोलणारी मुले बसतात, तेथे ही गोष्ट लहान नाही.

पाटीवरून आता ग्रंथांकडे वळू. तेराव्या शतकात, यादवराजा सिंघण याच्या काळात, देवगिरी येथे शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' हा ग्रंथ रचला. देवगिरी म्हणजे आजच्या मराठवाड्यातील दौलताबाद. त्याच राजाच्या आश्रयास भास्कराचार्यांचा नातू चांगदेव राजज्योतिषी होता, आणि चाळीसगावजवळील पाटण येथील इ.स. १२०७ च्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापन केलेल्या मठाची नोंद आहे. अशा वातावरणात संगीताच्या ग्रंथातही गणित यावे यात नवल नाही.

शार्ङ्गदेवापुढील प्रश्न असा होता. सात स्वर एकदाच घेऊन त्यांचे क्रम किती होतात? उत्तर ५०४०. पण मोजणी ही सोपी बाजू झाली. खरा प्रश्न पुढचा आहे : या ५०४० क्रमांच्या यादीतील अमुक क्रमांकाचा क्रम कोणता, आणि दिलेला क्रम यादीत कितवा? सगळी यादी न लिहिता हे सांगता यावे. पहिल्या प्रश्नाला 'नष्ट' आणि दुसऱ्याला 'उद्दिष्ट' अशी नावे आहेत. या दोहोंसाठी जे कोष्टक वापरले जाते, त्याचे नाव 'खंडमेरू'.

समजण्यास सोपे जावे म्हणून सातऐवजी चारच स्वर घेऊ. पहिल्या रकान्यात फक्त १. दुसऱ्यात ० आणि १. तिसऱ्यात ०, २, ४. चौथ्यात ०, ६, १२, १८. प्रत्येक रकान्यातून एक घर निवडून बेरीज करायची. सर्वांत लहान बेरीज १, सर्वांत मोठी १ + १ + ४ + १८ म्हणजे २४. आणि चार स्वरांचे क्रमही बरोबर २४ च होतात. सतरावा क्रम हवा असेल तर १२ + ४ + ० + १ अशी घरे निवडावी लागतात. दुसरी कोणतीही निवड सतरा देत नाही. निवडलेल्या घरांवर खडे ठेवून हे गणित केले जात असे. सात स्वरांच्या कोष्टकात शेवटचा रकाना ७२० च्या पटीत ४३२० पर्यंत जातो, आणि सर्वांत मोठी बेरीज नेमकी ५०४० येते.

येथे क्षणभर थांबावे. अनेक निर्देशांकांवरून एक क्रमांक काढणे आणि एका क्रमांकावरून ते सगळे निर्देशांक परत मिळविणे, हेच तर संगणक बहुमितीय ॲरेच्या बाबतीत करतो. देवगिरीच्या पंडिताने संगणकाचा शोध लावला, असे मी म्हणणार नाही; तसे म्हणणे इतिहासाशी प्रतारणा ठरेल. माझे म्हणणे एवढेच, की हा विचार आपल्या मातीस परका नाही. नारायण पंडिताने इ.स. १३५६ मध्ये 'गणितकौमुदी'त भद्रगणित म्हणून जादूच्या चौरसांना स्वतंत्र प्रकरण दिले, तेही याच परंपरेतील.

आता विसाव्या शतकात येऊ. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडविलेला संगणक १९६० मध्ये चालू झाला आणि १९६२ मध्ये त्याला 'टिफ्रॅक' हे नाव मिळाले. त्याची स्मृती फेराइटच्या बारीक कड्यांची होती. अशा स्मृतीत तारांची एक उभी आणि एक आडवी रांग असते. जेथे दोन तारा एकमेकींना छेदतात तेथे एक कडे ओवलेले असते, आणि त्या दोन्ही तारांतून एकदम प्रवाह गेला तरच ते कडे आपली स्थिती बदलते. कापसाच्या या मुलखात हे समजावणे कठीण जाऊ नये. मागावरील ताणा आणि बाणा यांचीच ती रचना आहे. म्हणजे यंत्राच्या पोटातही ओळ आणि रकाना होतेच; प्रोग्राम लिहिणाऱ्याला मात्र ते एका सरळ रांगेसारखे दिसत.

ती सरळ रांग आणि आपले कोष्टक यांची सांगड कोणी घालायची? १९५७ मध्ये आयबीएम ७०४ या यंत्रासाठी जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोरट्रान ही भाषा उपलब्ध करून दिली. तिच्यात एक, दोन किंवा तीन मितींचे ॲरे जाहीर करता येत. त्या यंत्रात तीन निर्देशांक-नोंदक होते आणि भाषेनेही तीनच मितींची मर्यादा ठेवली. या भाषेने घरे मांडताना आधी पहिला रकाना वरून खाली संपविला, मग दुसरा, मग तिसरा. पुढे १९७२ च्या सुमारास डेनिस रिची यांनी घडविलेल्या सी भाषेने उलट रीत धरली : आधी पहिली ओळ, मग दुसरी. फोरट्रानने मोजणी एकापासून केली, सी भाषेने शून्यापासून. शून्यापासून का मोजावे यावर एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९८२ मध्ये एक छोटे टिपण लिहिले, ते आजही वाचले जाते.

आता माझ्या हजेरीपटाकडे परत या. घरे रकान्या-रकान्याने मांडली, तर ओळ एक व रकाना दोन या घरापूर्वी दोन पूर्ण रकाने येतात. प्रत्येकात तीन घरे, म्हणजे सहा. त्यात ओळीचा एक मिळविला की सात. त्या मुलाने फोरट्रानचे नाव ऐकले नव्हते. हजेरी जशी भरली जाते, एका दिवसाची सगळी नावे वरून खाली आणि मग दुसरा दिवस, तशी त्याने घरे मोजली होती. 'ओळीने मांडली' या माझ्या शब्दांचा अर्थ त्याने 'एकामागून एक' असा घेतला, आणि मराठीत तो अर्थ पूर्णपणे शुद्ध आहे. संदिग्ध माझा प्रश्न होता. फुली मात्र त्याच्या वहीवर पडली.

ती वही मी गुरुजींना दाखविली होती. त्यांनी संगणकाविषयी काहीच विचारले नाही. एवढेच म्हणाले, "उत्तर तपासण्याआधी त्याने कोणत्या क्रमाने मोजले ते विचारले होतेत का?" मी विचारले नव्हते. दुसऱ्या दिवशी वर्गात मी सर्वांसमोर चूक मान्य केली, परंतु तोवर वार्षिक परीक्षा आली आणि पुढच्या वर्षी तो मुलगा शाळेत दिसला नाही. त्याच्या जाण्याला त्या फुलीव्यतिरिक्त घरची अनेक कारणे असतील. तरी ती फुली मी पुसू शकलो नाही, हे खरे.

आजचे नवशिके बहुधा पायथन भाषेपासून प्रारंभ करतात. तेथे कोष्टक म्हणजे यादीत ठेवलेल्या याद्या. तेथील एक चकवा शिक्षकांनी अवश्य सांगावा. शून्यांची एक ओळ करून तिला तीनने गुणले, की तीन ओळींचे कोष्टक तयार झाल्यासारखे दिसते. प्रत्यक्षात ओळ एकच असते आणि तिला तीन ठिकाणांहून बोट दाखविलेले असते. एका ओळीत बदल केला की तिन्ही ओळी बदलतात. एकाच वहीवर तीन मुलांची नावे चिकटवावीत, तसा हा प्रकार आहे. मूल गोंधळते तेव्हा त्याची बुद्धी कमी पडत नसते. वह्या किती आहेत, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

दारातील ठिपक्यांच्या रांगोळीचाही येथे उपयोग होतो. मद्रास ख्रिश्चन कॉलेजातील गिफ्ट सिरोमनी, राणी सिरोमनी आणि कमला कृतिवासन यांनी १९७४ मध्ये तमिळ रांगोळीच्या, म्हणजे कोलमच्या, आकृत्यांचे ॲरेच्या व्याकरणाने विवेचन केले. अंगणातील ठिपके संगणकशास्त्राच्या नियतकालिकात पोहोचले ते असे.

शेवटी एक उदाहरण अगदी आपल्या जिल्ह्यातले. नारनूर मंडलातील गुंजाळा या गावी गोंडी भाषेच्या एका स्वतंत्र लिपीतील हस्तलिखिते अभ्यासकांसमोर आली. २०१८ मध्ये युनिकोडच्या अकराव्या आवृत्तीत 'गुंजाळा गोंडी' या नावाने ती लिपी समाविष्ट झाली. तिच्यासाठी ८० घरे राखून ठेवली आहेत : पाच रकाने आणि प्रत्येकात सोळा घरे. मोजणी शून्यापासून होते. आणि क्रमांक ओळीने आडवे जात नाहीत. ते प्रत्येक रकान्यात वरून खाली उतरतात, मग पुढच्या रकान्यात जातात. माझ्या त्या विद्यार्थ्याने ज्या क्रमाने हजेरी मोजली होती, त्याच क्रमाने त्याच्या मातृभाषेची अक्षरे आज जगभरच्या संगणकांत मांडलेली आहेत.

शिक्षक बंधुभगिनींनो, जुना आदिलाबाद जिल्हा २०१६ मध्ये चार जिल्ह्यांत विभागला गेला, पण आपली मुले तीच आहेत. २००८ मध्ये स्थापन झालेल्या बासरच्या तंत्रज्ञान विद्यापीठात दहावीनंतर ग्रामीण मुलांना प्रवेश मिळतो. तेथे पोहोचणाऱ्या मुलाचा पाया आपल्याच फळ्यावर घातला जातो. म्हणून बहुमितीय ॲरे शिकवताना प्रारंभ वर्णमालेपासून करावा, हजेरीपटावर यावे, आणि मगच निर्देशांकांचे कंस लिहावेत. प्रश्नात मांडणीचा क्रम स्पष्ट सांगावा. आणि अनपेक्षित उत्तर आले तर लाल शाई उचलण्यापूर्वी विचारावे, "बाळ, तू कोठून मोजायला सुरुवात केलीस?"

हा प्रश्न गुरुजींचा आहे. त्यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करून मी आपली रजा घेतो.