सत्ता, व्यभिचार आणि सूड : पीटर ग्रीनवे यांच्या १९८९ च्या चित्रपटाचे ऐतिहासिक आकलन

प्रस्तावना

इतिहासाच्या साधनांमध्ये कागदपत्रे, शिलालेख व नाणी यांना जे स्थान आहे ते चित्रपटास देता येईल काय, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या अभ्यासकांपुढे वारंवार येतो. चित्रपट घटनांचा पुरावा क्वचितच देतो. मात्र त्या काळातील विशिष्ट वर्गाची मनःस्थिती तो नोंदवून ठेवतो. ब्रिटिश दिग्दर्शक पीटर ग्रीनवे यांचा ‘द कुक, द थीफ, हिज वाइफ अँड हर लव्हर’ (१९८९) हा चित्रपट या दृष्टीने अभ्यासनीय आहे. त्याकडे केवळ थॅचरकालीन रूपक म्हणून पाहणे कितपत पुरेसे आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

राजकीय पार्श्वभूमी

मार्गारेट थॅचर मे १९७९ ते नोव्हेंबर १९९० या काळात ब्रिटनच्या पंतप्रधान होत्या. १९८४ मध्ये ब्रिटिश टेलिकॉमचे खासगीकरण झाले, १९८४-८५ चा खाणकामगारांचा संप मोडून निघाला आणि १९८६ मध्ये लंडनच्या शेअर बाजारावरील निर्बंध शिथिल झाले. नवा पैसा आणि त्याचे उघड प्रदर्शन हा त्या दशकाचा विशेष ठरला. आपला चित्रपट या वातावरणाविरुद्धच्या संतापातून निर्माण झाल्याचे ग्रीनवे यांनी स्वतः सांगितले आहे.

कथानक आणि सत्तेचे स्वरूप

गुंड अल्बर्ट स्पिका (मायकेल गॅम्बन) याने ‘ल ऑलांदे’ या उंची भोजनगृहावर ताबा मिळविला आहे. तेथे तो रोज रात्री टोळीसह जेवतो, फ्रेंच पदार्थांची नावे चुकीची उच्चारतो आणि पत्नी जॉर्जिना (हेलन मिरेन) हिचा सर्वांसमक्ष अपमान करतो. शेजारच्या मेजावर पुस्तक वाचत बसणाऱ्या मायकेलशी (अ‍ॅलन हॉवर्ड) तिचे प्रेमसंबंध जुळतात. आचारी रिचर्ड (रिशार बोरांजे) त्यांना आसरा देतो. संबंध उघडकीस आल्यावर स्पिका मायकेलच्या तोंडात फ्रेंच राज्यक्रांतीवरील ग्रंथाची पाने कोंबवून त्याची हत्या घडवितो. जॉर्जिना आचाऱ्याकडून प्रियकराचे प्रेत शिजवून घेते, पतीला ते खावयास लावते आणि नंतर त्याला गोळी घालते.

येथे स्पिकापेक्षाही लक्षणीय आहे ते भोवतालच्या लोकांचे मौन. इतर ग्राहक दहशत पाहतात आणि जेवत राहतात. सेवकवर्ग मान खाली घालून काम करतो. विद्वान मायकेलपाशी क्रांतीचा इतिहास आहे, परंतु प्रतिकाराचे साधन नाही. ज्या ग्रंथांत तो रमला, तेच त्याच्या मृत्यूचे साधन व्हावे, यात बुद्धिजीवी वर्गावरील कठोर टीका आहे. मात्र शेवटच्या प्रसंगात स्पिकाने छळलेली माणसे जॉर्जिनासोबत एकत्र उभी राहतात. व्यभिचाराच्या रूपाने सुरू झालेले खासगी बंड अशा रीतीने सामूहिक होते.

जुन्या परंपरांचे धागे

या रचनेची मुळे १९८० च्या दशकापलीकडे जातात. भोजनगृहाच्या भिंतीवर फ्रान्स हाल्स यांचे १६१६ चे हार्लेम येथील नागरी रक्षकदलाच्या मेजवानीचे भव्य चित्र आहे आणि स्पिकाच्या टोळीचा पोशाखही त्याच वळणाचा आहे. समृद्ध डच व्यापारी नगराचे प्रतिष्ठित रक्षक आणि लंडनचे खंडणीबहाद्दर यांना एकाच चौकटीत आणून दिग्दर्शकाने संपत्ती आणि सभ्यता यांच्या नात्यावरच प्रश्नचिन्ह लावले आहे. नरमांसाची मेजवानी हा सूड सेनेकाच्या ‘थायेस्टीस’पासून शेक्सपिअरच्या ‘टायटस अँड्रॉनिकस’पर्यंत आढळतो. जेकोबियन सूडनाट्याचे ऋणही ग्रीनवे यांनी मान्य केले आहे.

साशा व्हिएर्नी यांच्या छायाचित्रणात वाहनतळ निळा, स्वयंपाकघर हिरवे, भोजनकक्ष लाल आणि प्रसाधनगृह पांढरे दिसते; पात्रांच्या वस्त्रांचे रंगही दालनागणिक पालटतात. प्रारंभी व अखेरीस पडदा सरकतो. त्यामुळे हे वास्तवचित्रण नसून रंगमंचीय मांडणी आहे, याचे भान प्रेक्षकास सतत राहते.

स्वीकार आणि परिणाम

अमेरिकेत चित्रपटाला ‘एक्स’ श्रेणी मिळाली. ती न स्वीकारता वितरकांनी १९९० मध्ये तो श्रेणीविनाच प्रदर्शित केला. अशा वादांतूनच त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ‘एनसी-१७’ ही नवी श्रेणी अस्तित्वात आली.

निष्कर्ष

थॅचर यांच्या धोरणांचा पुरावा म्हणून हा चित्रपट अपुरा आहे. स्पिका हा मुक्त बाजारपेठेतील उद्योजक नसून खंडणीखोर आहे. शिवाय त्याच्या अडाणी खवय्येगिरीची थट्टा करताना नवश्रीमंतांविषयीची अभिजनांची तुच्छताही चित्रपटात डोकावते. त्या दशकात ब्रिटनमधील कलावंत व सुशिक्षित वर्गाला वाटणारा संताप, असहायता आणि स्वतःच्या मौनाची बोचणी यांचा दस्तऐवज म्हणून त्याचे मोल मोठे आहे. अभ्यासकाने हे दोन्ही पैलू एकत्र ध्यानात घेतल्यास चित्रपट हे इतिहासाचे विश्वसनीय, परंतु मर्यादित साधन ठरते.