तळटीप : पडद्याची रुंदी

* लेखकाने येथे रुंदी पिक्सेलमध्ये दिली आहे. तेवढ्यावरून फोन लहान की मोठा हे ठरवू नये. अँड्रॉइडचा हिशेब 'डीपी'त चालतो : इंचाला १६० पिक्सेल असतील, तर एक डीपी म्हणजे एक पिक्सेल. म्हणून १०८० पिक्सेल रुंदीचा, इंचाला ४८० पिक्सेल घनतेचा फोन ॲपच्या लेखी ३६० डीपीच भरतो. टॅबलेटची मांडणी साधारण ६०० डीपीपासून निवडतात. मात्र २०१६च्या ७.० आवृत्तीपासून दोन ॲप शेजारी-शेजारी उघडता येतात. अर्ध्या पडद्यावरच्या ॲपने अख्ख्या पडद्याची रुंदी धरली, तर उजवीकडचे 'जतन करा' बटण दिसतच नाही. तेव्हा मोजायची ती ॲपच्या वाट्याला आलेल्या विंडोची रुंदी, यंत्राची नव्हे. — संपा.