औटकी आणि परवचा : मराठी शाळेतील पाठांतराचा इतिहास

सातबाऱ्यावर जमिनीचे क्षेत्र हेक्टर आणि आर या दशमान मापांत नोंदले जात असले, तरी पुणे परिसरात जमिनीचा व्यवहार तोंडी ठरतो तो अद्याप गुंठ्यांतच. चाळीस गुंठ्यांचा एकर आणि सोळा आण्यांचा गुंठा ही विभागणी एकाकी नाही, कारण शेरांचा मण चाळिसाचाच होता आणि रुपयाचे आणेही सोळाच होते. सोळाचे चार वेळा निम्मे केले तरी अपूर्णांक येत नाही आणि चाळिसाचे तीन वेळा करता येते, म्हणून ज्या बाजारात वस्तू अर्धी, पाव आणि अर्धपाव करून विकली जाते त्या बाजाराला हे आकडे सोयीचे होते. मराठी शाळेतील पाठांतराची जुनी पद्धत या बाजारासाठीच घडलेली होती, आणि तो बाजार बाजूला ठेवून पाठांतराकडे पाहिले तर हाती केवळ घोकंपट्टीचे हास्यचित्र उरते.

पेशवाईत आणि तिच्यानंतर कित्येक दशके गावोगाव चालणाऱ्या पंतोजींच्या शाळेत, म्हणजे एका शिक्षकाने ओसरीवर किंवा देवळात भरवलेल्या खासगी शाळेत, छापील पुस्तक जवळजवळ नव्हतेच. लाकडी फळीवर बारीक धूळ पसरून केलेल्या धूळपाटीवर मुलगा अक्षर काढी, तेच पुनःपुन्हा गिरवी आणि गिरविताना त्याचा उच्चारही करी, त्यामुळे हात, डोळा, जीभ व कान एकाच वेळी कामाला लागत. पाढ्यांचे पाठांतर सामुदायिक असे; मोठा मुलगा सांगे आणि बाकीचे त्याच्यामागून म्हणत. मद्रासेत वाळूवर अक्षरे गिरविणारी मुले पाहून अँड्र्यू बेल याने १७९७ साली जी शिक्षणपद्धती इंग्लंडात प्रसिद्ध केली, तिच्यातही थोरल्या विद्यार्थ्याने धाकट्याला शिकविण्याची हीच कल्पना होती, आणि पुढे ती पद्धती इंग्रजांनी एखादी नवी वस्तू आणावी तशी हिंदुस्थानात परत आणली.

दिवेलागणीला घरी म्हटला जाणारा परवचा हा या पद्धतीचा दुसरा अर्धा भाग होय. परवचा म्हणजे पाढे, वार, महिने, तिथी, नक्षत्रे आणि स्तोत्रे यांची रोजची तोंडी उजळणी. सकाळी शिकलेले संध्याकाळी, आणि कालचे आजच्या पाठोपाठ, असा हा क्रम असल्यामुळे विसरण्यापूर्वीच आठवण ताजी केली जाई. स्मरणाविषयीचे आधुनिक प्रयोग ज्या अंतराअंतराने केलेल्या उजळणीला महत्त्व देतात, ती येथे देवासमोरच्या दिव्याच्या वेळेशी बांधलेली होती.

पाढ्याची भाषाही स्मरणासाठी घासून घेतलेली आहे. गुणक सांगताना दोन, तीन, चार असे नेहमीचे शब्द न येता दुणे, त्रिक, चोक, पंचे अशी आखूड रूपे येतात, त्यामुळे गुणक आणि गुणाकार यांची कानात गल्लत होत नाही व ओळीची लयही सांभाळली जाते. पूर्णांकांचे पाढे संपले की पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी हे अपूर्णांकांचे पाढे सुरू होत. यांपैकी औट हा शब्द आज खुलासा मागतो. तो संस्कृतातील अर्धचतुर्थ, म्हणजे ‘ज्यातील चौथा अर्धा आहे’, या शब्दापासून प्राकृतातून आला असून त्याचा अर्थ साडेतीन असा होतो. दीड आणि अडीच हेही याच रीतीने बनलेले शब्द आहेत. सात आणे शेराने साडेतीन शेर गूळ घेणाऱ्याला औटकीतील साताच्या जागी साडेचोवीस हा आकडा तयार मिळे, आणि त्यातून रुपयाचे सोळा आणे वजा केले की एक रुपया साडेआठ आणे हे उत्तर गुळाची ढेप तराजूतून उतरण्याआधी हाती येई. ज्याला हा पाढा येत नसे त्याला दुकानदाराचा शब्द प्रमाण मानण्यावाचून गत्यंतर नव्हते.

पुण्यातच पाठांतराची याहून कितीतरी कडेकोट परंपरा नांदत होती. वैदिकांच्या घनपाठात पहिले व दुसरे पद सरळ, मग उलट, मग तिसऱ्यासह सरळ, उलट आणि पुन्हा सरळ असे म्हटले जाते, म्हणून एखादे पद गळाले किंवा बदलले तर चूक तत्काळ उघडी पडते. परंतु घनपाठाचे उद्दिष्ट शब्द जसाच्या तसा राखणे हे होते, तर दिडकी पाठ असण्याची परीक्षा रोज बाजारात होत असे. दोन्हींना एकाच ‘पाठांतर’ या नावाने निकालात काढणे ही एकोणिसाव्या शतकातील अनेक टीकाकारांची घाई होती.

मात्र हे ज्ञान सर्वांचे नव्हते, ही गोष्ट या पद्धतीच्या गौरवात सहसा झाकली जाते. पंतोजींकडे येणारी मुले प्रामुख्याने ब्राह्मण, व्यापारी आणि सुस्थितीतील घरांतली असत. मुलींना आणि अस्पृश्य मानलेल्या जातींना तेथे प्रवेश नव्हता, आणि सामान्य कुणब्याचे पोर क्वचितच तेथवर पोचे. पेरणीला घेतलेले धान्य सुगीला सव्वापट वा दीडपट करून फेडण्याच्या सवाई-दिढीच्या व्यवहारात पाढा सावकाराला पाठ होता आणि ऋणकोला नव्हता. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सुरू झालेल्या दंग्यात शेतकऱ्यांनी मुख्यतः सावकारांचे कर्जरोखे आणि हिशेबाचे कागद हिसकावून जाळले, यामागे कर्जाइतकाच न वाचता येणाऱ्या कागदाविषयीचा राग होता, असे म्हणणे वावगे ठरू नये. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळेच्या अभ्यासक्रमात मोडी, बालबोध आणि हिशेब यांना स्थान मागितले, ते या पार्श्वभूमीवर वाचावयास हवे.

सरकारी शाळांनी पुस्तक, पाटी आणि तपासनीस आणले, तरी तोंडी हिशेब आणि अपूर्णांकांचे पाढे टिकून राहिले, कारण आणे, शेर आणि मण तसेच होते. खरा आघात त्यांच्यावर झाला तो शिक्षणशास्त्राकडून नव्हे, तर टांकसाळीकडून. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, १९५८ पासून किलोग्रॅम आणि मीटर टप्प्याटप्प्याने लागू झाले, आणि शंभराचे दोनदा निम्मे करून पंचविसावर आले की पुढे साडेबाराचा अपूर्णांक आडवा येतो, म्हणून हिशेबाची वाट दशांशचिन्हाकडे वळली. पाढा चुकीचा ठरला नाही, त्याला गिऱ्हाईक राहिले नाही; औटकी शाळेतून हळूहळू गळाली ती अशी.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीस यांच्या जोडीला ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असे वाचन आले, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद उठला. पुस्तकाची बाजू मांडणाऱ्या गणितज्ञ मंगला नारळीकर यांचा मुद्दा असा होता की, मराठी संख्यानामांत एकक आधी बोलले जाते आणि दशक आधी लिहिले जाते, त्यात जोडाक्षरांची भर पडून लहान मुलाला गणिताची धास्ती बसते. या मुद्द्यात तथ्य आहे: एकोणऐंशी आणि एकोणनव्वद पुढच्या दशकातून एक वजा करून बनतात, पण नव्व्याण्णव हा नियम मोडतो, म्हणून शंभरापर्यंतची नावे जवळजवळ एकेक करूनच पाठ करावी लागतात. विरोधकांचे म्हणणेही पोकळ नव्हते, कारण पाढ्याची लय याच जोडाक्षरी नावांवर उभी आहे आणि ‘वीस एक’ने ती ओळ अडखळते. दीड आणि अडीच यांच्याबाबत असा प्रश्न कोणाला पडत नाही, कारण दुधाच्या पिशवीपासून जमिनीच्या गुंठ्यापर्यंत ते शब्द रोज कानावर येतात. औट तेवढा शब्दकोशात आणि देहाला औट हात म्हणणाऱ्या संतवाङ्मयात राहिला आहे.