रस्ता मागणाऱ्या आया

युरोपातल्या नेदरलँड्स देशात आज शाळकरी मुलं बिनघोर सायकलवरून जातात. हे आपोआप झालं नाही. १९७१ साली तिथे रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं दगावली. त्यात चारशेहून अधिक लहान मुलं होती. अपघात म्हणजे नशीब, असं त्यांच्या आयांनी मानलं नाही. ‘बालहत्या थांबवा’ म्हणत आईबाप रस्त्यावर उतरले. १९७३ मध्ये तेलटंचाई आली, काही रविवार मोटारी बंद राहिल्या आणि मोकळा रस्ता लोकांनी पाहिला. पुढे हेग, टिलबर्ग शहरांत सरकारी पैशातून सायकलमार्ग झाले. डेल्फ्टने शहरभर मार्गांचं जाळं विणलं, कारण मधेच तुटणारा मार्ग कामाचा नसतो. आपल्या महिला ग्रामसभेत पाण्याचा, रेशनचा विषय निघतो. तसाच मुलींच्या शाळेच्या वाटेचाही काढूया.