मोटारींची शीतनिद्रा
१९०८ साली फोर्डची ‘मॉडेल टी’ आली, तेव्हा अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत अनेकांसाठी मोटार हे उन्हाळ्यापुरतेच वाहन होते. बर्फ पडू लागण्याआधी ती कोठारात जाई. रेडिएटरमधील पाणी काढून टाकीत. कारण गोठताना पाणी सुमारे ९ टक्के प्रसरण पावते आणि ओतीव लोखंडाच्या इंजिनालाही तडा देते. टायरांवर भार राहू नये म्हणून गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवीत. मग वसंतापर्यंत भिस्त पुन्हा घोड्यावर! पुढे बंदिस्त गाड्या स्वस्त झाल्या, रस्त्यांवरील बर्फ हटवला जाऊ लागला आणि १९२७ मध्ये ‘प्रेस्टोन’ हे ग्लायकॉलचे गोठणरोधक बाजारात आले. मोटार बारमाही झाली. घोड्याची उरलीसुरली गरजही ओसरू लागली.